कोरडा तळ
लाकडी होडी, काचेचं कापड आणि एपॉक्सी : प्रस्तावना

बेंगळूरुतल्या शिवाजीनगरातून समुद्र गाठायचा तर पूर्वेला चेन्नई, पश्चिमेला मंगळूर. दोन्हीकडे रस्त्यानं साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. बेंगळूरुचं पठार समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच, आणि इथून जवळचं मोठं पाणी म्हणजे हलसूरचं तळं. वस्तीला नाव आरमार उभारणाऱ्या राजाचं, वस्ती मात्र पार कोरडवाहू. लाकडी होडीच्या तळाला काचेचं कापड आणि एपॉक्सी कसं चढवावं याची मराठी पुस्तिका अशा ठिकाणी तयार व्हावी, याचं मालवणच्या किंवा हर्णैच्या वाचकाला हसू येईल. येऊ द्यावं.

विषय जितका समुद्राचा तितकाच लाकडाचा आणि रेझिनचा आहे, आणि या दोन्हींची जाण बेंगळूरुला जुनी आहे. मल्लेश्वरममधली काष्ठविज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणाऱ्या किड्यांचा अभ्यास करत आली. त्यासाठी तिचं काम विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर चाले. प्लायवूडसाठीची राष्ट्रीय संशोधन संस्था याच शहरात उभी राहिली. नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजनं तंतू आणि रेझिन यांच्या थरांतून ‘हंसा’ हे दोन आसनी शिकाऊ विमान घडवलं, त्याचं पहिलं उड्डाण १९९३चं. आणि एवढं उंच जायचं नसेल तर शिवाजीनगरातच रसेल मार्केटच्या मागच्या बाजूला, जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या गल्ल्यांत शिरावं. बंपरला तडा गेला की काचेची मॅट, रेझिन आणि दोन थेंब हार्डनर घेऊन तासाभरात तो उभा करणारे हात तिथे आहेत. त्या हातांना जे येतं आणि होडीच्या तळाला जे लागतं, त्यात फरक आहे. या प्रस्तावनेचा एक भाग त्या फरकावर आहे.

आधी ‘तळ’ म्हणजे काय ते ठरवू. होडीची बाहेरून पाण्याला लागणारी कूस हा या पुस्तिकेचा मुख्य विषय नाही. होडीत आपण जिथे पाय ठेवतो, जाळं ओढताना उभे राहतो, माशांच्या टोपल्या ठेवतो, ती आतली फळ्यांची किंवा प्लायवूडची जमीन, तिच्याविषयी हे लिखाण आहे. होडीत सगळ्यांत हाल होतात ते तिचे. वरून ऊन, पाऊस, बर्फाचं पाणी, माशांचं रक्त, नांगराचे घाव. आणि खालून, कूस आणि फळ्या यांच्यामधल्या अंधाऱ्या पोकळीत साचलेलं पाणी, जिथे वारा पोचत नाही. बाहेरची कूस निदान दिसते. ही पोकळी कोणी बघत नाही.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला चार गोष्टी लागतात: अन्न, ऊब, हवा आणि ओल. अन्न म्हणजे खुद्द लाकूड. ऊब आणि हवा आपल्या किनाऱ्यावर बारमाही फुकट. राहिली ओल. लाकडातल्या पाण्याचं प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांखाली राहिलं तर बुरशी हातपाय पसरू शकत नाही. तिसाच्या आसपास गेलं की तिला मोकळं रान मिळतं. आणि इथे एक गोष्ट आहे जी किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना पक्की ठाऊक असते आणि शहरातून हौसेनं होडी घेणाऱ्याला मुळीच नसते: खारं पाणी लाकडाला तितकं कुजवत नाही जितकं पावसाचं गोडं पाणी कुजवतं. मीठ बुरशीला मानवत नाही. म्हणून डेक समुद्राच्या पाण्यानं धुवायची चाल पडली, आणि म्हणूनच पावसात उघडी ठेवलेली होडी समुद्रात चालत्या होडीपेक्षा लवकर मरते. जून उजाडायच्या आत कोकणात होड्या वर ओढून नारळाच्या झापांनी शाकारतात त्याला लाटांइतकंच हेही कारण आहे.

ओलीचा दुसरा उपद्रव हालचालीचा. लाकूड पाणी पितं तेव्हा फुगतं, सोडतं तेव्हा आकसतं. लांबीत जवळजवळ काहीच नाही, रुंदीत मात्र पुष्कळ. साध्या जातीच्या लाकडाची दोनशे मिलिमीटर रुंदीची फळी घ्या. भर पावसाळ्यातून मार्चच्या उन्हात येताना तिच्यातली ओल सहा टक्क्यांनी उतरली तरी रुंदीत तीन मिलिमीटरचा फरक पडतो. साग यात पुष्कळ शहाणा, म्हणून त्याला मान. पण हे तीन मिलिमीटर सबंध फळीवर वाटले जात नाहीत. फळीच्या मधे कोणाला काही कळत नाही. ते सगळेच्या सगळे दोन फळ्यांमधल्या फटीत येऊन उभे राहतात. वर काचेचं कापड ताणून चिकटवलेलं असेल तर ज्या रेषेवर कापड फटीला ओलांडतं, त्या केसाएवढ्या रुंदीला तीन मिलिमीटर ताणायची पाळी येते. तितकं ताणणारं एपॉक्सी नाही. तडा तिथेच जातो, सरळ रेषेत, आखल्यासारखा.

या हालचालीचं काय करायचं, याची माणसानं दोन उत्तरं काढली.

पहिलं उत्तर जुनं: लाकडाला हलू द्यायचं. फळ्यांच्या फटींत काथ्या किंवा कापूस ठासायचा, वरून राळ किंवा चंद्रूस तेलात उकळून भरायचा, उंडीचं नाहीतर माशाचं तेल पाजत राहायचं. होडी पाण्यात उतरली की फळ्या फुगतात आणि एकमेकींना दाबून फटी स्वतःच मिटवतात. पहिले काही तास ती गळते. गळणं हाच इथे उपचाराचा भाग. या घराण्यातलं अलीकडचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे भारतीय नौदलाचं ‘कौंडिण्य’. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून त्याची कल्पना घेतली. सप्टेंबर २०२३मध्ये गोव्यात कण्याचं काम सुरू झालं, आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं. केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवल्या. कुशीत खिळा नाही, एपॉक्सी नाही. नारळाचा काथ्या, राळ आणि माशाचं तेल. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर ते पोरबंदरहून शिडावर मस्कतला निघालं आणि पोचलंही.

दुसरं उत्तर नवं: लाकडाला हलूच द्यायचं नाही. ते वाळवायचं, आणि वाळलेलं असतानाच चहूबाजूंनी अशा कवचात बंद करायचं की पाणी आत शिरणार नाही आणि लाकडाची ओल वर्षभर जवळजवळ तेवढीच राहील. हे ऐकायला सोपं आहे, पण १९४०पर्यंत तसं कवच जगात कुणाकडेच नव्हतं. व्हार्निश होतं, डांबर होतं, दुधाच्या केसिनपासून केलेले सरस होते. त्यांची परीक्षा आपल्याच हवेत झाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचं मॉस्किटो विमान पातळ प्लायवूडच्या दोन थरांत बाल्साचं हलकं लाकूड चिकटवून बनवलेलं होतं आणि युरोपात त्यानं नाव काढलं. भारतात आलेल्या मॉस्किटोंचे पंख १९४४च्या अखेरीस हवेत मोडू लागले, नोव्हेंबरात उड्डाणं थांबवावी लागली. दोष सरसाचा, दमट हवेचा, की कारखान्यात नीट न बसलेल्या सांध्यांचा, यावर तेव्हा बरंच भांडण झालं. होडी बांधणाऱ्यानं त्यातून घ्यायचं ते एवढंच की फट राहिलेल्या सांध्यात सरस कामाचा नाही, आणि ओल आली तर मुळीच नाही.

एपॉक्सीनं नेमकी ही अडचण सोडवली, तीही भलत्याच वाटेनं. स्वित्झर्लंडमधले पिएर कास्तां तीसच्या दशकात दातांच्या कवळ्यांसाठी नवा पदार्थ शोधत होते. त्यांच्या हाती दोन द्रवांचं असं मिश्रण लागलं की ते घट्ट होताना फारसं आकसत नाही आणि जवळजवळ कशालाही चिकटतं. कवळ्यांचं राहिलं बाजूला. सीबा कंपनीनं १९४६मध्ये तेच ‘अ‍ॅराल्डाइट’ म्हणून बाजारात आणलं. तुटलेली कपबशी जोडायला घरातल्या कपाटात ज्या दोन ट्यूब असतात, त्यांचं कूळ हे. काचेचा तंतूही तीसच्याच दशकातला, अमेरिकेतल्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यांतून निघालेला. पण एपॉक्सी आणि लाकूड यांची गाठ नीट घातली ती मिशिगनमधल्या बे सिटीच्या गूजन बंधूंनी. ते गोठलेल्या तळ्यांवर शिडानं घसरणाऱ्या बर्फहोड्या बांधत. १९६९मध्ये त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं, १९७०मध्ये ‘अडाजियो’ नावाची तीन कुशींची होडी फक्त एपॉक्सीवर, खिळ्या-स्क्रूंचा आधार न घेता उभी केली. फट भरणारा सरस, आणि तोच सरस लाकडाला पाण्यापासून तोडणारा लेप: त्यांची सगळी पद्धत या एका ओळीत मावते.

ही पद्धत आपल्याकडे सर्वांत चोख कुठे उतरली असेल तर गोव्यात, मांडवीतल्या दिवाडी बेटावर. तिथल्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डचे रत्नाकर दांडेकर यांनी नौदलासाठी ‘म्हादेई’ बांधली. छप्पन्न फुटी शिडाची नौका, आराखडा नेदरलँड्सच्या फान दे स्टाट यांचा, कुशीचा गाभा रेड सीडरच्या अरुंद पट्ट्यांचा, आणि आतून-बाहेरून काच आणि एपॉक्सी. फेब्रुवारी २००९मध्ये ती नौदलात आली. शिडाच्या नौकेतून एकट्या भारतीयानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास होता व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा, जे निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत. दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून १९ मे २०१०ला परतले. नंतर अभिलाष टॉमी याच नौकेतून १ नोव्हेंबर २०१२ला निघाले ते कुठेही न थांबता मार्च २०१३च्या अखेरीस मुंबईला आले. पुढे त्याच गोदीतून लाकडी गाभ्याचीच ‘तारिणी’ निघाली आणि २०१७-१८मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यावरून प्रदक्षिणा पुरी केली. दक्षिण महासागरातल्या थंडगार लाटांपासून विषुववृत्ताच्या उन्हापर्यंत सगळं या लाकडानं सोसलं. सोसू शकलं, कारण त्याला पाणी लागलंच नाही.

आता गंमत अशी की शिवलेलं ‘कौंडिण्य’ बांधणाऱ्या होडी इनोव्हेशन्सचे प्रमुखही रत्नाकर दांडेकरच. ज्या माणसानं लाकडाला एपॉक्सीत कायमचं बंद करून जगाभोवती पाठवलं, त्यानंच पुढे लाकडाला काथ्यानं शिवून, मोकळं सोडून मस्कतला पाठवलं. मला यात विसंगती दिसत नाही. दोन्ही ठिकाणी लाकडाचं पाण्याशी नातं काय हे आधी ठरलं आणि मग हत्यार उचललं गेलं. आपल्या बंदरांतल्या बहुसंख्य फसलेल्या कामांत नेमकं हे ठरलेलं नसतं. होडी पहिल्या घराण्याची, लेप दुसऱ्या घराण्याचा. फटींत काथ्या ठासलेला, फळ्या ओल्या, अधूनमधून मऊ झालेल्या, आणि त्यावर ‘एकदाचं फायबर मारून टाकू’ म्हणून वरच्या अंगानं एक मॅट. वरून पाणी बंद, खालून चालू. फळी आता पाणी पिते पण वर सोडू शकत नाही, आणि बुरशीला छप्पर मिळतं. पहिल्या वर्षी काम झकास दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाय ठेवला की फरशी दबते, कडेला बोट घातलं तर काचेचा पापुद्रा वहीच्या पुठ्ठ्यासारखा उचलला जातो आणि खाली लाकडाच्या जागी तपकिरी भुसा असतो. दोष मग फायबरला मिळतो.

यातला अर्धा दोष ओल्या लाकडाचा. उरलेला अर्धा रेझिनचा, आणि इथे शिवाजीनगरच्या गल्लीकडे परत वळायला हवं. बंपर दुरुस्त होतो तो पॉलिएस्टर रेझिननं. तळकोकणात मासेमारीच्या फायबर होड्या साच्यात थर देऊन काढतात त्याही पॉलिएस्टरच्याच, आणि त्या उत्तम टिकतात, कारण तिथे लाकडाला चिकटायचा प्रश्न नसतो. पॉलिएस्टर घट्ट होताना आकारमानात पाच ते आठ टक्के आकसतं. लाकडावर लावलं तर ते घट्ट होता होताच पकड सैल करू लागतं. अमेरिकेत अ‍ॅलन वेटसेस यांनी जुन्या लाकडी बोटींना फायबरनं मढवण्याच्या कामावर १९८१मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं; तेही पॉलिएस्टर वापरत, पण त्याच्या चिकटण्यावर विसंबून राहत नसत. जाड थर चढवून तो खिळ्यांसारख्या बंधनांनी लाकडाला जखडून टाकत. तो मार्ग मोठ्या, मोडकळीला आलेल्या बोटींसाठी. आतल्या तळासाठी तेवढं वजन वाढवणं मूर्खपणाचं.

एपॉक्सी महाग आहे, पॉलिएस्टरच्या काही पट. पण लाकडी तळाला लागतं किती? तीन चौरस मीटरचा तळ धरा. दोन्ही बाजूंना तीन-तीन पातळ हात, वरच्या बाजूला दोनशे ग्रॅमचं विणलेलं कापड, विणीत भरायला आणखी एक हात: साडेतीन ते चार किलो. तेवढ्यासाठी पॉलिएस्टर वापरून पैसे वाचवणं मला कधी पटलेलं नाही.

गॅरेजमध्ये तयार झालेल्या मेस्त्रीला मात्र एपॉक्सी हाताळताना दोन सवयी मोडाव्या लागतात. एक, मापाची. पॉलिएस्टरला उत्प्रेरक शंभराला एक किंवा दोन इतका लागतो. थंडी असली तर थोडा जास्त, ऊन असलं तर कमी, आणि काम निभतं. एपॉक्सीचा हार्डनर उत्प्रेरक नव्हे. तो घट्ट झालेल्या पदार्थाचा स्वतःच एक हिस्सा असतो. आपल्याकडे सहज मिळणारी जोडी म्हणजे एलवाय ५५६ आणि एचवाय ९५१. तिचं प्रमाण वजनानं शंभरास दहा. बोटींसाठीच्या इतर जोड्या दोनास एक, तीनास एक, पाचास एक अशा येतात, काही वजनानं, काही मापानं. डब्यावर लिहिलेलं असेल तेच. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घातला तर ते लवकर सुकत नाही, कायमचं चिकट राहतं, आणि मग खरवडून काढण्यावाचून गत्यंतर नसतं. दुसरी सवय मॅटची. गॅरेजमधली तुकड्या-तुकड्यांची काचमॅट ज्या बांधणीनं एकत्र राहते ती पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननं विरघळते. एपॉक्सीत स्टायरीन नाही, त्यामुळे मॅट कडक राहते, कोपऱ्यात बसत नाही, पांढरी दिसते. तळाला विणलेलं कापडच हवं. (पॉलिएस्टरवाल्यांसाठी विषयाबाहेरचं पण जिवाचं: उत्प्रेरक आणि कोबाल्टचा अ‍ॅक्सिलरेटर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो.)

कापड चढवणं हा या कामातला सर्वांत आनंदाचा आणि सर्वांत सोपा भाग. पांढरं कापड रेझिन पिऊन बघता बघता पारदर्शक होतं आणि खालचं लाकूड पावसात भिजल्यासारखं उजळतं. लोक त्याचेच फोटो काढतात. होडी वाचते ती मात्र कडांवर आणि भोकांत. फळीचं तोंड, म्हणजे जिथे तंतू आडवे कापले गेले ती बाजू, सपाटीपेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढते. तिला रेझिन पुन्हा पुन्हा पाजावं लागतं, ती प्यायची थांबेपर्यंत. प्रत्येक स्क्रूचं भोक आधी मोठं पाडायचं, भुकटी घालून दाट केलेल्या एपॉक्सीनं पूर्ण भरायचं, आणि ते दगडासारखं झालं की त्याच्या मधोमध स्क्रूच्या मापाचं नवं भोक. म्हणजे स्क्रूबरोबर पाणी गेलं तरी त्याला लाकूड भेटत नाही. तळ पक्का बसवायचा असेल तर तो आणि कूस जिथे मिळतात त्या कोनात लाकडाचा बारीक भुसा आणि सिलिका घालून केलेल्या पुटीची गोलाई ओढायची, कारण काचेचं कापड काटकोनात वळत नाही, खाली पोकळी ठेवतं. खालची बाजू, जी कोणाला दिसणार नाही, तीही तितक्याच निगुतीनं. पुस्तिकेत कडा आणि भोकांना दोनच पानं दिली आहेत. मला ती कमी वाटतात, कापडाची चार पानं जास्त वाटतात. वाचकानं वेळेची वाटणी उलटी करावी.

लाकडाबद्दल थोडकं. नव्या तळाला आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लायवूड घ्यावं. त्याचे थर एकमेकांना आडवे असल्यानं रुंदीतली हालचाल जवळजवळ मिटलेली असते आणि बहात्तर तास उकळूनही त्याचा सरस सुटत नाही. साग वापरायचा तर त्याचं तेल आड येतं: नुकतं रंधलेलं, अ‍ॅसिटोननं पुसलेलं अंग असतानाच पहिला हात. जुन्या तळाच्या फळीत टोच्या खुपसून बघा. सहज शिरला तर ती फळी बदला. एपॉक्सी पाजून कुजलेलं लाकूड जिवंत होतं अशा जाहिराती असतात, त्यांच्या नादी लागू नका.

ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं. बारा टक्क्यांच्या खाली काटा आल्याशिवाय डबा उघडायचा नाही, आणि इथेच कोकणातल्या माणसाची खरी पंचाईत होते. होडी मोकळी असते कधी? १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंदीत. त्या दोन महिन्यांत हवेतली आर्द्रता नव्वदीच्या घरात, आणि तशा हवेत नुसतं पडून राहिलेलं लाकूड अठरा-वीस टक्क्यांवर जाऊन बसतं. शिवाय दमट हवेत एपॉक्सीच्या अंगावर मेणासारखा तुकतुकीत थर धरतो. तो पाण्यानं घासून धुतल्याशिवाय वर दुसरा हात चिकटत नाही, आणि पॉलिश पेपर मारला तर तो निघण्याऐवजी आणखी आत चोळला जातो. म्हणजे होडी मिळते तेव्हा हवा नाही, आणि डिसेंबर-जानेवारीची छान कोरडी हवा असते तेव्हा होडी समुद्रावर. यावर पुस्तिकेनं सुचवलेली तोड मला पसंत आहे: तळ एकसंध बांधू नका, उचलता येतील अशा तीन-चार तुकड्यांत करा. जुना तळ चालू ठेवून नवे तुकडे माघात, घराच्या पडवीत, सावकाश तयार करा. होडी शाकारायच्या आधी बसवा किंवा नारळी पौर्णिमेच्या सुमाराला, पण रेझिनचं काम तेव्हा झालेलं असू द्या.

बेंगळूरुत काम करणाऱ्याला ही अडचण फारशी नाही. इथल्या फेब्रुवारी-मार्चच्या हवेत प्लायवूड सावलीत ठेवलं तरी दहा टक्क्यांच्या आत-बाहेर येतं, आणि तसं बंद केलेलं पॅनल ट्रकनं मंगळूरला किंवा कारवारला नेलं तरी आपली कोरड सोबत नेतं. इथे सांभाळायचं ते तापमान. दुपारच्या उन्हात तापत्या लाकडावर पहिला हात दिला तर लाकडातली हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि रेझिनमध्ये बुडबुड्यांची रांग उठते. दुपार टळून लाकूड निवू लागलं की लावा. मग तेच लाकूड रेझिन आत ओढून घेतं. दहा अंश तापमान वाढलं की कपातल्या मिश्रणाचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा हिशेब किनाऱ्यावर जाताना लक्षात असू द्या. बेंगळूरुच्या संध्याकाळी अर्धा तास हाताशी देणारी जोडी रत्नागिरीच्या मे महिन्यात पंधरा मिनिटांत आटोपते. उंच कपात भरपूर मिश्रण करून ठेवणं तर कुठेच नको. ते स्वतःच्याच उष्णतेनं तापतं, धुमसतं, प्लास्टिकचा कप वितळवतं. थोडं करा, पसरट ताटलीत ओता.

काचेची धूळ सगळ्यांना दिसते, म्हणून लोक तोंडाला फडकं बांधतात. (फडकं पुरत नाही, मास्क हवा.) हार्डनर दिसत नाही. त्याचा त्वचेला वारंवार स्पर्श झाला की काही जणांच्या शरीराला तो सोसेनासा होतो, आणि एकदा तसं झालं की नंतर नुसत्या वासानंही अंगावर पुरळ उठतं. त्या माणसाचं एपॉक्सीचं काम कायमचं संपतं. हातमोजे घाला. हाताला लागलंच तर अ‍ॅसिटोननं पुसू नका, ते रेझिनला कातडीत आणखी खोल नेतं. आधी कोरड्या फडक्यानं पुसा, मग साबण आणि पाणी.

काम झालं की वरून रंग हवाच. उन्हातल्या अतिनील किरणांपुढे उघडं एपॉक्सी टिकत नाही. पिवळं पडतं, मग पिठासारखं सुटतं. पारदर्शक तळाचा मोह असेल तर अतिनीलरोधी व्हार्निशचे हात द्या आणि दर दोन-एक वर्षांनी पुन्हा द्यायची तयारी ठेवा. मासेमारीच्या होडीला साधा राखाडी रंग, त्यात ओला असतानाच पेरलेली बारीक चाळलेली वाळू. ओल्या पायाला धरून ठेवायला तिच्यासारखं स्वस्त काही नाही.

शेवटी, ही पुस्तिका कोणासाठी नाही हेही सांगायला हवं. ज्यांच्याकडे फटींत काथ्या ठासलेली, तेलावर पोसलेली जुनी होडी आहे आणि ती अजून धडधाकट आहे, त्यांनी तिच्या कुशीला काच-एपॉक्सी लावू नये. आतल्या तळाच्या फळ्या मढवायच्या तर सुट्या काढून, वाळवून, सहाही अंगांनी मढवाव्यात, आणि परत ठेवताना प्रत्येक दोन फळ्यांत बोटभर फट सोडावी, म्हणजे खालच्या पोकळीत वारा फिरेल आणि साचलेलं पाणी दिसेल. तेवढं जमणार नसेल तर फळ्यांना उंडीचं तेल पाजा आणि जून लागायच्या आत त्या उचलून माळ्यावर टाका.

शिवाजीनगर, बेंगळूरु